‘सिद्दी असून तिसरा कसा?’

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. जिल्हा पातळीवरील शालेय क्रीडास्पर्धा चालू होत्या. दोनशे मीटरच्या अंतिम शर्यतीसाठी आठ मुले फक्कीने आखलेल्या रेषेवर उभी राहिली. त्यांत खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतील एका शाळेचा एक मुलगा होता. तो सिद्दी समाजाचा होता, म्हणजे कुरळ्या केसांचा आणि इतर सातजणांहून अधिक काळ्या वर्णाचा. आमच्या शाळेची मुले पायऱ्यांवर बसली होती. शर्यतीची शिट्टी होण्यापूर्वीच त्यांनी निकाल लावून टाकला की, पहिला क्रमांक या मुलाचा. मग आरोळ्या सुरू झाल्या. त्यांतील काही उत्साहाच्या होत्या. काही अशा होत्या की त्या या अंकात छापणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

शर्यत संपली. तो मुलगा तिसरा आला. तेव्हा आमच्याच शाळेतील नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी आमच्याकडे वळून म्हणाला, “सर, हा सिद्दी असून तिसरा कसा आला?”

हा विद्यार्थी वाईट नव्हे. अभ्यासात बरा, वागण्यात सालस, स्वतःच्या डब्यातील घास दुसऱ्यास देणारा. त्याच्या प्रश्नात द्वेष मुळीच नव्हता. निव्वळ आश्चर्य होते. आणि आम्ही त्यास काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, “सुरुवातीलाच त्याचा पाय घसरला असेल.”

हे उत्तर आम्हांस त्या दिवसापासून सलत आहे. पाय घसरला असेल असे म्हणताना आम्ही त्या मुलाचा प्रश्न योग्यच ठरविला. सिद्दी म्हटला की तो पहिला यावयासच हवा, न आला तर त्यास काही अपघाती कारण असले पाहिजे, हे आम्ही मान्य करून बसलो. शर्यतीत आठ मुले धावली. दोघे त्याच्याहून वेगाने धावले, पाचजण हळू धावले. तेव्हा तो तिसरा आला. याहून अधिक स्पष्टीकरणाची इतर सातजणांपैकी एकाच्याही बाबतीत कोणास गरज वाटली नाही. उलट, जो पहिला आला त्याने किती पहाटे उठून सराव केला असेल याचे कौतुक सर्वांनी केले. सिद्दी मुलगा पहिला आला असता तर त्याच्या पहाटेची आठवण कोणास झाली असती? ‘त्यांच्या रक्तातच आहे,’ असे म्हणून आपण मोकळे झालो असतो.

वाचकांपैकी काहींस वाटेल की, यात एवढे काय बिघडले. मुलाने तर त्या समाजाचे एक प्रकारे गुणगानच केले. नेमके येथेच आमचे म्हणणे आहे. खेळाच्या साहाय्याने मुलांच्या मनातील वर्णद्वेष दूर करता येतो, असे आजकाल सर्वत्र म्हटले जाते व आम्हांसही ते पटते. पण कोणता खेळ, आणि खेळातील कोणता क्षण? विजेत्याच्या गळ्यात हार घालण्याचा क्षण पुढे करून हे शिक्षण होत असेल असे आम्हांस वाटत नाही. ते झालेच तर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आलेल्याकडे आपण कसे पाहतो, त्या वेळी होईल.

सिद्दी समाज आपणास परका नाही. पूर्व आफ्रिकेतून अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ज्यांना गुलाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आणले, त्यांतील काही गोव्याच्या अंमलाखालून निसटून घाटावरच्या रानांत शिरले आणि तेथेच वस्ती करून राहिले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत आणि आपल्या खानापूर तालुक्यात त्यांची गावे आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात ते कोकणीसारखी बोली बोलतात, बाजारात कानडी बोलतात, आणि त्यांतील पुष्कळांना मराठीही येते. म्हणजे शेजारी म्हणवून घ्यावयास जे काही लागते ते सर्व त्यांच्यापाशी आहे. तरीही आपल्या शहराच्या बसस्थानकावर सिद्दी मनुष्यास ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ असे विचारले जाते. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, मराठ्यांच्या इतिहासाचे पुस्तक उघडावे तर शहाजीराजांच्या उमेदवारीच्या काळातच इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर भेटतो. १६१० साली त्याने वसविलेल्या खडकी गावाचेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीवर परीक्षेत प्रश्न येतो आणि आमची मुले तो अचूक सोडवितात. पण पुस्तकातील हबशी सेनापती आणि बसस्थानकावरील सिद्दी मजूर यांची गाठ त्यांच्या मनात पडत नाही.

सन १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने एक योजना आखली. सिद्दी मुलांमुलींना हेरून त्यांस धावण्याउडण्याच्या खेळांचे शिक्षण द्यावे, म्हणजे ऑलिंपिकमध्ये आपणास पदके मिळतील, असा त्यामागे विचार होता. मुले निवडली गेली, क्रीडा-वसतिगृहांत ठेवली गेली. त्यांतील काही राष्ट्रीय स्पर्धांत चमकलीही. परंतु काही वर्षांतच योजना गुंडाळण्यात आली आणि पुष्कळ मुले जेथून आली होती तेथे, मोलमजुरीकडे परत गेली. योजना आखणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, याविषयी आम्ही शंका घेत नाही. खाण्यापिण्याची आबाळ असलेल्या घरांतील मुलांस पोटभर अन्न, शाळा व प्रशिक्षक मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण योजनेच्या मुळाशी असलेली समजूत आणि आमच्या नववीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न या एकाच झाडाच्या फांद्या आहेत. आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. त्या खंडात पन्नासहून अधिक देश आहेत. जमैकाचा शर्यतपटू शंभर मीटरमध्ये चमकतो आणि केनियाचा लांब पल्ल्यात. तेही साऱ्या केनियाचे धावपटू नव्हेत, बहुतांशी एका उंच पठारी मुलखातले. शतकानुशतके आमच्याच घाटातील भात-नाचणी खाऊन वाढलेल्या समाजाकडे पाहून ‘यांच्या कातडीत पदके दडलेली आहेत’ असे ठरविणे, हे स्तुतीच्या वेषात आलेले वर्णभेदाचेच अनुमान होय. आणि जो समाज पदकांसाठी उचलला गेला, तो पदके मिळेनाशी होताच खाली ठेवला गेला.

हा प्रकार आमच्याच मुलखापुरता आहे असे नाही. खेळाडूंना शाळांत नेऊन मुलांस वर्णद्वेषाविषयी शिकवावे, ही कल्पना इंग्लंडमध्ये एका पेट्रोलपंपावरील प्रसंगामुळे बळावली. न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल संघाचा गोलरक्षक शाका हिस्लॉप हा त्रिनिदादमध्ये वाढलेला काळा खेळाडू. १९९५ साली एका रात्री तो संघाच्या मैदानानजीकच्या पंपावर गाडीत पेट्रोल भरीत असता, रस्त्यापलीकडून काही पोरांनी त्याच्या वर्णावरून शिव्यांचा भडिमार सुरू केला. इतक्यात त्यांपैकी एकाने त्यास ओळखले. हा तर आपला गोलरक्षक! क्षणार्धात शिव्या थांबल्या आणि तीच पोरे स्वाक्षरी मागावयास त्याच्याकडे आली. हिस्लॉपने पुढे अशा चळवळीस पन्नास पौंडांची देणगी दिली आणि स्वतः शाळांत जाऊन बोलण्याची तयारी दाखविली. १९९६ मध्ये ‘शो रेसिझम द रेड कार्ड’ ही संस्था उभी राहिली. तिचे कार्यकर्ते व माजी खेळाडू आजही ब्रिटनमधील शाळांतून मुलांशी बोलतात.

या प्रसंगाचे मर्म कोणते? पोरे सुधारली, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे दिसत नाही. त्यांनी एका माणसास आपल्या तिरस्कारातून सूट दिली, एवढेच. त्या रात्री त्या पंपावर हिस्लॉपऐवजी एखादा काळा शिंपी किंवा कारकून उभा असता, तर शिव्या थांबण्यास काहीच कारण नव्हते. आणि ही सूटही कायमची नसते. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा संघ इटलीकडून पेनल्टींवर हरला. ज्या तिघांच्या पेनल्टी वाया गेल्या, ते रॅशफोर्ड, सँचो आणि साका तिघेही काळे खेळाडू होते. साका तर अवघा एकोणीस वर्षांचा. त्याच रात्री समाजमाध्यमांवर त्यांच्या वर्णावरून असभ्य मजकुराचा पाऊस पडला. सायंकाळपर्यंत जे देशाचे लाडके होते, ते मध्यरात्री परके झाले.

आपण हे वाचून इंग्रजांस नावे ठेवण्याच्या आधी त्यानंतरच्या महिन्यात आपल्या देशात काय घडले ते पाहावे. टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धेत वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. काही दिवसांनी, ४ ऑगस्ट रोजी, उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून हरला. तेव्हा हरिद्वारनजीकच्या तिच्या गावी घरासमोर काहीजणांनी फटाके उडविले आणि जातीवरून शिवीगाळ केली, अशी तक्रार तिच्या कुटुंबीयांनी पोलिसांत नोंदविली. जो देश हरल्याबद्दल दुःख करावयाचे, त्याच्याच पराभवाचे फटाके! कारण संघात ‘त्यांच्या’ मुली होत्या.

वर्ण निराळा, जात निराळी, असा भेद येथे कोणी करील. शास्त्राच्या दृष्टीने तो खराही असेल. पण ज्याला शिवी लागते त्याच्या कानांस तो भेद ऐकू येत नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा हा व्यवहार आहे, आणि त्यात आपणास इंग्लंडहून शिक्षक आणावयाची गरज नाही. आपल्यापासून अवघ्या दोन तासांच्या वाटेवर असलेल्या धारवाडला जन्मलेल्या एका मराठी माणसाचे चरित्र त्यास पुरेसे आहे. आम्ही बाळू पालवणकर यांच्याविषयी बोलत आहोत. आमच्या मुलांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे, असे परवा एका वर्गात विचारले असता दोन हात वर झाले.

बाळूंचे घराणे चर्मकार समाजाचे. वडील लष्करात नोकरीस. पुण्यात त्यांस प्रथम पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरविण्याचे काम मिळाले, पगार महिना तीन रुपये. तेथून ते गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर गेले. साहेब लोकांना सरावासाठी कोणी चेंडू टाकणारा हवा असे. बाळू डाव्या हाताने चेंडू टाकू लागले आणि बघता बघता उत्तम फलंदाजही त्यांच्यापुढे चाचपडू लागले. ग्रेग नावाचा त्या वेळचा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत असे, आणि आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत असे, असे सांगतात. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि फलंदाजी हा साहेबाचा मान!

पुण्याच्या हिंदू मंडळींना या युरोपियन संघास हरवावयाचे होते. बाळू संघात आल्यास ते शक्य होते. पण अस्पृश्यास संघात घ्यावे कसे? पुष्कळ वाद होऊन अखेर त्यांना घेतले. म्हणजे मैदानावर घेतले. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून पेल्यांतून चहा घेत. बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे पान निराळे. तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास ते मैदानाच्या कडेला त्यांच्याच समाजाच्या नोकराने आणून द्यावयाचे. वाचकहो, जरा विचार करा. क्रिकेटचा चेंडू एकच असतो. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलीत होता, क्षेत्ररक्षक अडवीत होता, हातोहाती तो पुन्हा त्यांच्याकडे येत होता. त्या चेंडूने कोणाचा विटाळ होत नव्हता. पेल्याने मात्र होत होता! चेंडूत जिंकण्याचा लाभ होता आणि पेल्यात तो नव्हता, याखेरीज या दोहोंत दुसरा कोणता फरक आम्हांस दिसत नाही.

पुढे बाळू मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांस हरविले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, परंतु बाळूंनी तेथे सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. मायदेशी त्यांचे सत्कार झाले, मानपत्रे दिली गेली. आणि कर्णधारपद? त्याची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली, वर्षानुवर्षे नाकारली गेली. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम, दोघेही संघातील आघाडीचे खेळाडू, निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. मग तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. हिंदू संघाचे नेतृत्व पालवणकरांच्या घरी आले ते १९२३ मध्ये, विठ्ठलरावांच्या रूपाने. आणि त्या वर्षी संघ जिंकला. तोवर बाळूंचे खेळण्याचे दिवस सरले होते. विठ्ठलरावांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतून लिहिले. ते १९४८ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. आमच्या ग्रंथालयात ते नाही. मिळविण्याचा प्रयत्न चालू आहे.

बाळूंची गोष्ट आम्ही वर्गात सांगितली, तेव्हा मुलांनी अपेक्षेप्रमाणे म्हटले, “एवढा मोठा खेळाडू आणि त्याला असे वागविले!” आम्ही विचारले, “आणि तो मोठा खेळाडू नसता तर?” वर्ग काही वेळ गप्प राहिला. बाळूंच्या बरोबरीने खेळपट्टी झाडणारे आणखीही नोकर असतील. त्यांना चेंडू वळविता येत नव्हता. त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्याही वाट्यास तेच मातीचे भांडे होते.

असे असता खेळाकडून काहीच आशा नाही काय? आहे, पण ती पदकापेक्षा नियमात आहे. खेळ हा मुलाच्या आयुष्यातील पहिला असा व्यवहार, जेथे शिट्टी वाजली की सर्वांस थांबावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी येथील कसोटी सामन्यात प्रेक्षकांपैकी काहींनी महंमद सिराज यास वर्णावरून अपशब्द उच्चारले. सिराज तेव्हा नवखा होता, नुकतेच त्याचे वडील वारले होते. त्याने ते निमूटपणे गिळले नाही आणि प्रेक्षकांशी हुज्जतही घातली नाही. तो कर्णधार अजिंक्य रहाणे याच्याकडे गेला. रहाणेने पंचांस सांगितले. पंचांनी खेळ थांबविला. पोलिसांनी सहा प्रेक्षकांस मैदानाबाहेर नेले. पंचांनी हवे तर मैदान सोडण्याची मुभा देऊ केली होती, पण आमचा काही अपराध नाही, आम्ही खेळणार, असे रहाणेने सांगितल्याचे सिराजने पुढे सांगितले आहे. खेळाडूने कर्णधारास, कर्णधाराने पंचास सांगावे आणि पंचाने खेळ थांबवावा, ही साखळी आमच्या मते कोणत्याही भाषणाहून अधिक शिकविणारी आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने तर याची पायरीवार रीतच घालून दिली आहे. प्रथम सामना थांबवावा, तरी न सुधारल्यास तात्पुरता तहकूब करावा, तरीही न सुधारल्यास सोडून द्यावा. आणि २०२४ पासून, दोन्ही मनगटे एकमेकांवर ठेवून खेळाडूने पंचास खूण करावी, असे ठरले आहे.

एकदा आपल्या देशानेही सामना सोडून दिला होता. १९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि तेथील गोऱ्यांच्या सरकारने बहुसंख्य काळ्या प्रजेस माणूस म्हणून जगणे अशक्य करून ठेविले होते. भारताने खेळावयाचे नाकारले. चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेस गेला. विजय आणि आनंद अमृतराज बंधूंच्या हाती तो येण्याची बरीच शक्यता होती. तो चषक भारतास आजतागायत मिळालेला नाही. ते राज्य बदलू लागले तेव्हा, नोव्हेंबर १९९१ मध्ये, त्याच दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ बहिष्कार उठल्यानंतरचा आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळावयास कलकत्त्यास आला, आणि ईडन गार्डनवर लोकांनी त्याचे मनापासून स्वागत केले.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. आमच्या शहरात मराठी आणि कानडी शाळांचे संघ समोरासमोर आले म्हणजे पायऱ्यांवरून काय काय ओरडले जाते, हे येथील प्रत्येक पालकास ठाऊक आहे. भाषेच्या प्रश्नावर लिहिण्याचे हे स्थळ नव्हे; त्यावरील आमची मते आमच्यापाशी आहेत आणि ती सौम्यही नाहीत. परंतु चौदा वर्षांच्या मुलाने गोल चुकविला म्हणून त्याच्या आईच्या भाषेचा उद्धार करण्याने सीमेचा एक दगडही इकडचा तिकडे सरकत नाही. तसे ओरडणारा आमचा विद्यार्थी उद्या पुण्यास शिकावयास जातो आणि तेथे त्यास ‘तू कर्नाटकवाला’ म्हणून चिडविले जाते, तेव्हा त्याचे पत्र आम्हांसच येते!

त्या शर्यतीनंतर आम्ही आठवी ते दहावीच्या मुलांस एक काम दिले. मैदानावर आपणास कोणत्या नावाने हाक मारलेली आवडत नाही, ते चिठ्ठीवर लिहावे. स्वतःचे नाव लिहू नये. चिठ्ठ्या वाचताना आम्ही चकित झालो. रंगावरून नावे होती, जातीवरून होती, वडिलांच्या धंद्यावरून होती, डोळ्यांच्या ठेवणीवरून होती. लष्करी छावणीतील नोकरीनिमित्त ईशान्येकडून आलेल्या कुटुंबातील कोणी मुलगा किंवा मुलगी असावी, तिने ज्या देशाचे नाव लिहिले होते तो आपला देश नव्हे. एका चिठ्ठीत लिहिले होते, ‘मला सर्वजण काळ्या म्हणतात. सरसुद्धा म्हणतात.’ ते ‘सर’ कोण, हे आम्ही शोधीत बसलो नाही. गेल्या वीस वर्षांत आम्हीही मैदानावर कोणाकोणास लाडाने काय काय हाका मारल्या ते आठवू लागलो, आणि शोधावयास फार लांब जावे लागणार नाही असे दिसले.

तेव्हापासून शाळेच्या मैदानावर एक नियम केला आहे. खेळाडूस त्याच्या नावानेच हाक मारावयाची, शिक्षकांनीही. नियम मोडल्यास कोणत्याही संघाचा कर्णधार शिट्टी मागू शकतो, आणि शिट्टी झाली की खेळ थांबतो. पहिल्या आठवड्यात खेळ अकरा वेळा थांबला. मुले वैतागली. क्रीडाशिक्षक म्हणाले, अशाने सामने सूर्यास्तापूर्वी संपावयाचे नाहीत. एकदा तर हरणाऱ्या संघाच्या कर्णधाराने निव्वळ वेळ काढण्यासाठी शिट्टी मागितली, तेव्हा त्या नियमाचा गैरवापर कसा टाळावा यावर मुलांचीच अर्धा तास चर्चा झाली. ती आमच्या नागरिकशास्त्राच्या तासापेक्षा सरस होती. हल्ली आठवड्यात दोनतीन शिट्ट्या होतात. मनातली नावे गेली असे आम्ही म्हणत नाही. ती ओठांवर येण्यापूर्वी किंचित अडखळतात.

नववीतील तो विद्यार्थी आता दहावीत आहे. त्याच्या प्रश्नास आम्ही त्या दिवशी चुकीचे उत्तर दिले, हे आम्ही त्यास वर्गासमोर सांगितले. तो ओशाळला, मग थोड्या वेळाने म्हणाला, “मग सर, त्याचे नाव काय होते?” आम्हांस ते ठाऊक नव्हते. निकालपत्रकात पाहून ते मिळाले, आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांस पत्र लिहून आम्ही त्यांच्या धावपटूंना येत्या महिन्यात एका शनिवारी आमच्या मैदानावर एकत्र सराव करावयास बोलाविले आहे. त्यांचे उत्तर आले. सात मुले आणि चार मुली येणार आहेत. त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची बस साडेचारला सुटते. म्हणून सराव सकाळी दहालाच सुरू होईल, आणि दुपारचे जेवण शाळेच्या व्हरांड्यात सर्वांचे एकाच पंगतीला होईल. ज्या पालकांस भाकरी-भाजी पाठवावयाची असेल त्यांनी आदल्या दिवशी कार्यालयात कळवावे.